रबराचं प्रमाणपत्र किलोमागे कितीला पडतं?

रबराच्या बागेला ‘शाश्वत’ असल्याचं प्रमाणपत्र घ्यावं का, असं दोडामार्ग-सावंतवाडीच्या किंवा गोव्यातल्या सत्तरी-सांग्याच्या बागायतदाराने विचारलं, की मी आधी त्याच्याकडे एकच आकडा मागते. वर्षाला रबराची शीट किती किलो निघते? हा आकडा वहीत नसेल तर प्रमाणपत्राची चर्चा तिथेच थांबवावी, कारण पुढचा सगळा खर्च किलोवर वाटून पाहिल्याशिवाय परवडतो की नाही ते कळतच नाही.

हेक्टरी हजार किलो धरू. देशाची सरासरी याहून बरीच जास्त, चौदाशेच्या आसपास आहे. पण कोकणात पाऊस चार महिने कोसळतो आणि मग जमीन महिनोन्‌महिने कोरडी पडते. पालघरमधल्या दापचरीला रबर बोर्डाच्या संशोधन केंद्राने याच कोरडेपणात रबर कसं तगतं यावर काम केलं आहे. तेव्हा हिशेब हात राखून केलेला बरा. शंभर बागायतदार, प्रत्येकाची एक हेक्टर बाग, म्हणजे गटाचं वर्षाचं रबर एक लाख किलो. आता हिशेब तोंडी होतो: प्रमाणपत्रावर गटाचे वर्षाला जितके लाख खर्च होतील, तितके रुपये किलोमागे पडतील.

एकट्याचं गणित याच्या अगदी उलट. एक हेक्टर, हजार किलो. ऑडिट करणाऱ्या संस्थेने समजा दीड लाखाचं कोटेशन दिलं, तर किलोमागे दीडशे रुपये झाले. कोट्टायमच्या बाजारात ऑगस्ट २०२४ मध्ये आरएसएस-४ प्रतीची शीट २४७ रुपयांवर गेली, तो उच्चांक होता, आणि त्यानंतर काही महिन्यांतच भाव दोनशेच्या खाली उतरला. त्यात दीडशे रुपये कागदावर घालवणं कुणालाच शक्य नाही. म्हणून छोट्या बागायतदाराने एकट्याने प्रमाणपत्राच्या वाटेला जाऊ नये. हे मी कोणतीही पुस्ती न जोडता सांगते.

मुळात कोणतं प्रमाणपत्र?

जगात वनप्रमाणनाच्या दोन मोठ्या पद्धती आहेत, एफएससी (फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिल) आणि पीईएफसी. रबराच्या बागेला दोन्ही लागू होतात. पिरेलीने २०२१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या एका गाडीसाठी एफएससी प्रमाणित रबराचा पहिला टायर आणला, तेव्हापासून टायर कंपन्यांच्या खरेदी खात्यांत हा शब्द रुळला. आपल्या केंद्र सरकारच्या पर्यावरण मंत्रालयानेही डिसेंबर २०२३ मध्ये भारतीय वन व लाकूड प्रमाणन योजना आणली. ती भोपाळची भारतीय वन व्यवस्थापन संस्था चालवते. तिच्यात ‘वनाबाहेरची झाडं’ असा वेगळा भाग आहे आणि खासगी बागायतीने पाहायचा तो तोच. रबर बोर्डानेही जानेवारी २०२५ मध्ये ‘शाश्वत भारतीय नैसर्गिक रबर’ ही स्वतःची चौकट जाहीर केली. तिचा भर माल कुठल्या बागेतून आला ते दाखवण्यावर, म्हणजे मागोव्यावर आहे.

यातलं काहीही सक्तीचं नाही. तरी आत्ताच घाई का उठली? कारण युरोपीय महासंघाचा २०२३ चा जंगलतोडविरोधी कायदा, म्हणजे ईयूडीआर. ३१ डिसेंबर २०२० नंतर जंगल तोडून केलेल्या जमिनीवरचं रबर, किंवा त्या रबराचा टायर, युरोपात विकता येणार नाही, असा तो कायदा सांगतो. अंमलबजावणी दोनदा पुढे गेली. आता मोठ्या आणि मध्यम कंपन्यांसाठी ३० डिसेंबर २०२६ आणि छोट्या व अगदी छोट्यांसाठी ३० जून २०२७ अशा तारखा आहेत. भारत पिकवतो त्यापेक्षा कितीतरी जास्त रबर वापरतो, त्यामुळे आपली शीट थेट युरोपात फारशी जात नाही. पण तिच्यापासून झालेला टायर जातो, आणि टायर कंपनी मग मागे वळून विचारते, हे रबर नेमकं कुठल्या बागेतलं?

इथे एक गैरसमज बागायतदाराचे पैसे खातो. एफएससीचं प्रमाणपत्र आणि युरोपचा कायदा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रमाणपत्र असलं तरी कंपनीला तपासणी करावीच लागते. प्रमाणपत्र नसलं तरी बागेचा ठिकाणा आणि कायदेशीर कागद असतील तर माल जाऊ शकतो. युरोपने मे २०२५ मध्ये भारताला कमी जोखमीच्या देशांत घातलं, त्यामुळे कंपनीची तपासणी हलकी झाली. पण ठिकाणा द्यावाच लागतो. ४ हेक्टरपर्यंतच्या बागेला नकाशावरचा एक बिंदू पुरतो, त्याहून मोठ्या बागेला पूर्ण हद्दीची रेषा लागते. ‘ईयूडीआर सर्टिफिकेट काढून देतो’ म्हणत कुणी दारात आला तर त्याला चहा पाजावा, पैसे देऊ नयेत. युरोप बागायतदाराला असं कोणतंही सर्टिफिकेट देत नाही.

स्वस्त, पण डोकं खाणारा भाग

खरा अडथळा ऑडिटच्या फीच्या आधीच येतो, सातबाऱ्यावर. डिजिटल सही असलेला सातबारा पंधरा रुपयांत मिळतो. पण त्यावर अकरा नावं असतात, त्यातली चार मुंबईला, दोन वारलेली, आणि रबर मात्र धाकट्या चुलत्याने लावलेलं. एफएससी असो की युरोपचा कायदा, जमिनीवर तुमचा कायदेशीर हक्क आहे हे दाखवावं लागतं. मालकीच हवी असं नाही, भाडेपट्टाही चालतो. दोडामार्गात केरळमधून येऊन पट्ट्याने जमीन घेतलेले कितीतरी बागायतदार आहेत, त्यांनी पट्टा नोंदणीकृत आहे का आणि सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या आहेत का एवढं पाहावं. नोटरीच्या कागदावर भागवलं असेल तर ऑडिटर पहिल्याच दिवशी तिथे बोट ठेवेल.

सामायिक खातं फोडायचं तर सध्याचा काळ त्यातल्या त्यात बरा आहे. महसूल संहितेच्या कलम ८५ खाली शेतजमिनीची वाटणी केली तर वाटणीपत्राची नोंदणी फी राज्य सरकारने २०२५ मध्ये माफ केली, आणि एकत्र कुटुंबाच्या हिस्सेवाटपाच्या मोजणीला पोटहिश्शामागे २०० रुपये ठेवले. नेहमीची हद्द कायम मोजणी मात्र डिसेंबर २०२४ पासून महागली आहे: ग्रामीण भागात २ हेक्टरपर्यंत साधी मोजणी २ हजार रुपये, द्रुतगती ८ हजार. भाऊबंदकीत गोडी असेल तर हे पैसे आधी खर्च करा. नसेल तर निदान सगळ्यांचं संमतिपत्र तरी घ्या.

सिंधुदुर्गातली दुसरी अडचण म्हणजे ‘वनसंज्ञा’. जमीन खासगी, पण नोंदीत वन. अशा गटावर रबर असेल तर तो गट प्रमाणपत्राच्या यादीत घालायचा हट्ट धरू नये. एका सभासदाच्या जमिनीचा घोळ बाकीच्या नव्व्याण्णवांवर येतो.

याच खात्यात आपल्याकडे एक हुकमाची गोष्ट फुकट पडून आहे. २०२० च्या डिसेंबरात तुमच्या जमिनीवर काय होतं, हे सिद्ध करायचा सर्वांत सोपा कागद म्हणजे २०२०-२१ चा गाव नमुना बारा. काजू लिहिला असेल तर उत्तम. काजूची बाग मोडून रबर लावणं युरोपच्या कायद्यात जंगलतोड धरत नाहीत, आणि म्हातारं रबर तोडून पुन्हा रबर लावणंही नाही, कारण दोन्ही जमिनी शेतीच्याच. पुढच्या वर्षांसाठी ई-पीक पाहणी आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या त्या ॲपमध्ये पिकाचा फोटो जागेच्या अक्षांश-रेखांशासह जातो. ज्याने दरवर्षी पाहणी नीट नोंदवली त्याच्याकडे पुराव्याची साखळी तयार आहे, तीही एक पैसा न देता. ज्याने तलाठ्यावर सोडून दिलं त्याच्या उताऱ्यावर कदाचित ‘पड’ लागलं असेल. आधी तो उतारा काढून बघा.

ऑडिटचं बिल

प्रमाणपत्र पाच वर्षांचं असतं. पहिल्या वर्षी मुख्य तपासणी, मग दरवर्षी एक फेरतपासणी. ऑडिटरची दिवसाची फी, प्रवास, राहणं, अहवाल, संस्थेची वार्षिक फी आणि वर १८ टक्के जीएसटी असं मिळून बिल होतं. जीएसटीची वजावट छोट्या बागायतदाराला मिळत नाही, म्हणून कोटेशन मागताना ‘करासह किती’ असंच विचारावं. आणि पहिल्या वर्षाचं नाही, पाचही वर्षांचं एकत्र मागावं. पहिलं वर्ष कुणीतरी प्रायोजित करतं, दुसऱ्या वर्षी बिल गटाच्या गळ्यात पडतं आणि प्रमाणपत्र बंद पडतं. मग पहिल्या वर्षाचा सगळा पैसा पाण्यात.

गटाचा फायदा कुठून येतो ते समजून घ्या. ऑडिटर गटातली प्रत्येक बाग बघत नाही, नमुना बघतो, आणि नमुना साधारण सभासदांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या हिशेबाने वाढतो. शंभराचं वर्गमूळ दहा, चारशेचं वीस. सभासद चौपट झाले तर बघायच्या बागा दुपटीच्या आसपासच होतात. १०० हेक्टरपर्यंतच्या छोट्या बागांसाठी एफएससीची सोपी वाटही आहे.

आता एक हिशेब मांडते. आकडे माझे, नमुन्यादाखल. तुमच्या हातातल्या कोटेशनने ते बदला. शंभरांच्या गटाला एक माणूस नेमावा लागेल, जो दुचाकीवरून बागा फिरेल, वह्या तपासेल, नकाशे ठेवेल. १५ हजार महिना धरला तर वर्षाला १ लाख ८० हजार. ऑडिटचा पाच वर्षांचा खर्च वर्षावर वाटून समजा अडीच लाख. प्रशिक्षण, हातमोजे, गमबूट, प्रथमोपचार पेट्या, पाट्या यांचे ७० हजार. झाले ५ लाख, म्हणजे किलोमागे ५ रुपये. हाच गट तीनशे जणांचा केला तर माणसं दीड लागतील, ऑडिट साडेतीन लाखांवर जाईल, साहित्य तिप्पट होईल. एकूण ८ लाख ३० हजार, तीन लाख किलोंवर वाटले की किलोमागे पावणेतीन रुपये. शंभराचा गट तीनशेचा करायला गावोगावी बैठका घ्याव्या लागतील, पण तेवढी मेहनत वसूल होते.

कोटेशन देणारी संस्था खरी आहे का हे कसं पाहायचं? एफएससीच्या संकेतस्थळावर प्रमाणित गटांची खुली यादी आहे, त्यात त्या संस्थेने दिलेली प्रमाणपत्रं दिसतात. भारतीय योजनेसाठी एनएबीसीबी या राष्ट्रीय मान्यता मंडळाची मान्यता आहे का ते विचारावं. दोन कोटेशनं तरी घ्यावीत.

बिलात न दिसणारा खर्च

हा भाग मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो, कारण तो टॅपरचा आहे. पहाटे बॅटरी डोक्याला बांधून झाडाझाडाला काप घेणारा माणूस आजवर ठरावीक वाट्यावर किंवा झाडामागच्या दरावर, तोंडी व्यवहारात राबत आला. प्रमाणपत्र म्हटलं की किमान वेतन, मजुरीची नोंद, राहायच्या जागी शौचालय आणि पिण्याचं पाणी, बाल-मजूर नसणं, हे सगळं तपासलं जातं. चीक गोठवायला वापरतो ते फॉर्मिक ॲसिड कुठे ठेवता, हातमोजे घालता का, शीट धुतलेलं आंबूस पाणी थेट व्हाळात सोडता का, हेही. तणनाशकांची यादी काढून त्यातली जहाल औषधं बंद करावी लागतात. मग गवत कापायला माणसं लागतात, आणि आपल्याकडे माणसं मिळणं हाच मोठा प्रश्न आहे. हा खर्च गटाच्या वहीत नाही, तुमच्या वहीत पडतो. पण माझ्या मते यातला बराचसा प्रमाणपत्र नसतानाही करायलाच हवा होता.

मग जमीन. एफएससी साधारण दहा टक्के क्षेत्र निसर्गासाठी राखायला सांगते. एक हेक्टरवाल्याला दहा गुंठे सोडणं जड जातं. छोट्या बागांना हे गटात मिळून किंवा बागेबाहेर दाखवायची मुभा असते. आपल्याकडे व्हाळाकाठचं रान, देवराई, पाणंदीची झाडी आहे. ती नकाशावर आणा, राखा, आणि हिशेबात धरा.

साखळी कुठे तुटते

समजा सगळं झालं, प्रमाणपत्र भिंतीवर लागलं. तुम्ही शीट नेहमीच्या व्यापाऱ्याला घातली. त्याने ती बाकीच्या मालात मिसळून केरळला पाठवली. प्रमाणपत्राचं मोल त्या वजनकाट्यावरच संपलं. प्रमाणित माल पुढे प्रमाणित म्हणून जायचा तर मधल्या प्रत्येक खरेदीदाराकडे ‘ताबासाखळी’चं वेगळं प्रमाणपत्र लागतं, आणि माल वेगळा ठेवावा लागतो. म्हणून ऑडिटरला फोन करण्याआधी व्यापाऱ्याला विचारा. त्याला हे नाव ठाऊक नसेल आणि घ्यायची इच्छाही नसेल, तर गटाने थेट प्रक्रिया कारखान्याशी करार होईपर्यंत थांबावं.

करारात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. प्रमाणपत्र कुणाच्या नावावर? कंपनी किंवा संस्था खर्च करते तेव्हा बहुधा तीच गटप्रमुख असते. मग तुम्ही दुसऱ्या कुणाला तोच माल प्रमाणित म्हणून विकू शकत नाही. जादा दर किती, आणि तो बाजारभावावर की ठरीव? आणि बागांचे नकाशे, मोबाइल नंबर, उत्पन्नाची माहिती कुणाकडे राहणार? तुमच्या बागेचा नकाशा ही आता मालमत्ता आहे, ती फुकट देऊ नये.

किलोमागे ५ रुपये खर्च आणि ५ रुपये जादा दर, अशी तोंडमिळवणी झाली तर करू नका. बाजाराचा भाव एका हंगामात पन्नास रुपये खालीवर होतो, त्यात पाच रुपयांचा जादा दर दिसतही नाही. खर्चाच्या निदान दीडपट जादा दर, किंवा पाच वर्षांचं ऑडिट खरेदीदाराकडे, यातलं एक लेखी हवं.

सरकार काय देतं, आणि काय द्यायला हवं

रबर क्षेत्राच्या केंद्रीय योजनेची तरतूद २०२४-२५ आणि २०२५-२६ या दोन वर्षांसाठी ५७६ कोटींवरून सुमारे ७०९ कोटींवर नेली गेली. पारंपरिक भागात लागवडीला हेक्टरी ४० हजार. महाराष्ट्र-गोव्यासारख्या अपारंपरिक भागात हेक्टरी ५० हजारांची रोपं बोर्डाकडून, आणि अनुसूचित जातींच्या बागायतदारांना हेक्टरी २ लाख. पावसाळ्यात झाडाला लावायच्या रेनगार्डला आणि फवारणीला मदत. रबर उत्पादक संघांच्या बैठका-प्रशिक्षणाची मदत ३ हजारांवरून ५ हजार झाली. पुढच्या वर्षांचे दर बोर्डाच्या फील्ड ऑफिसरला विचारूनच पुढे जावं.

या जाहीर झालेल्या बाबींत ऑडिटच्या फीचा रकाना मला दिसत नाही. रोपाला पैसे आहेत, पण त्या रोपाचं झाड नीट वाढवलं हे सिद्ध करायला नाहीत. व्हिएतनामने आपल्या वनधोरणात शेतकरी कुटुंबांच्या आणि गटांच्या प्रमाणन खर्चाला हेक्टरी ३ लाख डाँगपर्यंत एकदाच मदत ठेवली. ऐकायला मोठी रक्कम, आपल्या रुपयांत साधारण हजार. आपल्या शंभर हेक्टरच्या गटाला ती लागू केली तर एक लाख, म्हणजे एका वर्षात किलोमागे एक रुपया. एवढ्याने सगळं भागत नाही, पण पहिल्या तपासणीचा धक्का हलका होतो. आपल्याकडे ही मदत पाचही वर्षं, थेट संघाच्या खात्यात आणि संघ किमान दोनशे जणांचा असेल तरच द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. राज्य सरकारच्या हातात याहून स्वस्त गोष्ट आहे: रबर असलेल्या गावांत जुन्या पीकपाहणीच्या दुरुस्तीसाठी एक खास शिबिर.

बोर्डाने आणलेला ‘आयएनआर कनेक्ट’ हा मंचही बघावा. मालक मुंबईत, झाडं वयात आलेली पण काप घ्यायला कुणी नाही, अशा बागा सांभाळायला घेणाऱ्यांशी जोडण्यासाठी तो आहे. चाकरमान्यांच्या कितीतरी बागा तशाच उभ्या आहेत. त्या गटात आल्या तर किलो वाढतील आणि किलोमागचा खर्च उतरेल.

आता, ज्यांच्याकडे अजून रबर नाही आणि लावायचं मनात आहे, त्यांच्यासाठी. सावंतवाडी-दोडामार्गचा पट्टा हा वाघाच्या ये-जा करण्याचा मार्ग आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तिथे वृक्षतोडीला बंदी घातली, आणि मार्च २०२४ मध्ये २५ गावं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर करण्याची प्रक्रिया पूर्ण करा असं सांगितलं. या पट्ट्यात डोंगरच्या डोंगर रबरासाठी मोकळे झालेले मी पाहिले आहेत, आणि ते पाहून वाईट वाटलं. आज रान तोडून लावलेलं रोप सात वर्षांनी चीक देईल, पुढची वीस-पंचवीस वर्षं देत राहील, पण २०२० नंतर तोडलेल्या त्या जमिनीचं रबर युरोपच्या वाटेला कधीच लागणार नाही, आणि एफएससीचं दारही तिला बंद राहील. कोणतंही अनुदान हे नुकसान भरून काढत नाही. लावायचंच असेल तर जुनाट काजूच्या, पडक्या कलमांच्या जागी लावा, आणि रोप आणण्याआधी त्या जागेचा बारा नंबरचा उतारा आणि फोटो जपून ठेवा.

कागदांच्या कामाला फेब्रुवारी-मार्च बरा. झाडांची पानं झडलेली असतात, काप बंद असतात, टॅपर गावी गेलेले असतात आणि मोजणीवाल्याला हद्दीचे दगड सापडतात.